गाडी घाटात गरम होते? रेडिएटर फॅन कसा तपासायचा, आणि तपासणीचे पैसे कसे घ्यायचे



रेडिएटर फॅनची तपासणी आपण व्हिडिओत करून दाखवली. पण व्हिडिओत हात दिसतात, आकडे निसटून जातात. मल्टीमीटर कुठे लावला, किती आकडा आला, त्याचा अर्थ काय, हे पुन्हा पुन्हा मागे जाऊन बघायला लागतं. म्हणून हा लेख. ज्यांना गॅरेज, ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान किंवा स्पेअर पार्ट्सचं काउंटर टाकायचंय, त्यांनी शांतपणे वाचा. ज्यांचा गाड्यांशी संबंध नाही, त्यांनी निदान पैशांचा भाग वाचा. मोबाईल रिपेअरिंगपासून पंप दुरुस्तीपर्यंत तो सगळीकडे लागू होतो.

आधी स्पष्ट करतो, मी मेकॅनिक नाही. बीबीए केलं आणि दुकान टाकलं. बॉनेटखालचं जे काही कळतं ते आमच्या मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून शिकलोय. हिशोबाची बाजू माझी, पान्याची बाजू त्यांची.

आपल्या डिंभ्यात हा विषय फार समजावून सांगावा लागत नाही. मंचर-घोडेगावकडून येणारी गाडी धरणापर्यंत आरामात येते. पुढे पोखरीचा घाट लागला की पहिला-दुसरा गिअर, गाडी भरलेली, एसी चालू, पुढे एसटी आणि वेग वीसच्या आत. श्रावणात भीमाशंकरला गर्दी असली की तीच गाडी तासन् तास मुंगीच्या पायाने चालते. अशा वेळी रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. जे काय करायचं ते फॅननेच. हायवेला साठ-सत्तरच्या वेगात समोरच्या वाऱ्यावर रेडिएटर थंड राहतो, तिथे फॅन बंद असला तरी ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. म्हणून पुण्याहून आलेला माणूस सांगतो, "भाऊ, हायवेला एकदम ओके होती हो गाडी, इथेच काय झालं?" इथे काही झालेलं नसतं. फॅन कदाचित महिन्याभरापासून बंद असतो, घाटाने फक्त ते दाखवून दिलं.

हे वाक्य म्हणजे अर्धं निदान आहे. गाडी उभी असताना किंवा हळू चालताना गरम होते आणि वेगात काटा खाली येतो, तर आधी फॅनकडे बघा. उलट वेगात असताना काटा चढतो, तर फॅनचा दोष असण्याची शक्यता कमी. तिथे रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट अडकलेला, वॉटर पंप, किंवा हेड गॅस्केट. आणखी एक खूण एसीची. चालताना एसी थंड, सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा. अशा गाडीत कित्येक ठिकाणी सरळ गॅस भरून देतात. बहुतेक गाड्यांत एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांना हवा तोच फॅन देतो. फॅन मेला की दोघंही तापतात. गॅस भरून गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत येतं, आणि त्या वेळी तोंड गोड नसतं.

त्यामुळे बॉनेट उघडण्याआधी चार प्रश्न विचारा. कधी गरम होते? एसी कसा आहे? पाणी किती वेळा टाकता? अलीकडे कुणी वायरिंगला हात लावला का? शेवटचा प्रश्न लाजू नका, नक्की विचारा.

हात घालण्याआधी

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कितीही घाई असो, गिऱ्हाईक कितीही ओरडो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब आहे. या दाबामुळेच कूलंट १०० अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि आतलं पाणी वाफ होऊन अंगावर येतं. चेहरा आणि हात भाजतात. आपल्याकडे घाट चढत जाल तसा पाण्याचा उत्कलनबिंदू थोडा खाली येतो, हजार मीटर उंचीला साधारण ९७ अंशांवर पाणी उकळतं. म्हणजे झाकणाचं रबर गेलेलं असेल तर वर जाऊन गाडी अजून लवकर उकळणार. फॅनच्या कामात झाकण बघायला विसरू नका, स्वस्तातली वस्तू आहे.

दुसरं, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन आपोआप सुरू होतो. बोटं घालण्याआधी फॅनचा कपलर काढा नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. तिसरं, कूलंट सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. बऱ्याच कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोड लागतं आणि विषारी आहे. दुकानासमोर कुत्रा असतो, कोंबड्या असतात.

तपासणीचा क्रम

इंजिन थंड असताना पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर आधी भरा, मग पुढे जा. कारण साधं आहे: सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच बरोबर तापमान सांगतो. पाणी कमी झालं की काही गाड्यांत सेन्सरभोवती हवेचा फुगा राहतो. इंजिन तापलेलं असतं आणि सेन्सर म्हणतो "सगळं ठीक". फॅन लागत नाही आणि दोष मोटरवर येतो. पाणी कुठे गेलं हा वेगळा तपास, पण तो करायचाच.

मग फॅन हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला पाहिजे. घासत असेल, जड असेल, किंवा पातं हलवल्यावर लटपटत असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलं. पावसाळ्यात महिनाभर अंगणात उभी राहिलेली गाडी असेल तर मोटर गंजून जाम झालेली सापडते. जाम मोटर जास्त करंट खाते आणि फ्यूज उडवते. अशा गाडीत नुसता फ्यूज बदलून दिलात तर गिऱ्हाईक पोखरीच्या वर पोचायच्या आत तो परत उडेल.

आता इंजिन चालू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्या वेळात फॅन फिरलाच पाहिजे, इंजिन थंड असलं तरी. हा अर्ध्या मिनिटाचा, फुकटातला प्रयोग सगळ्यात जास्त माहिती देतो. एसीवर फॅन फिरला तर मोटर, मुख्य फ्यूज आणि जाड वायरिंग बहुधा जिवंत आहे. तापल्यावर फिरत नाही याचा अर्थ "तापलंय" हा निरोप कुठेतरी अडकतोय. एसीवरही फिरला नाही तर वीज पोचत नाही किंवा मोटर गेली. दोन फॅनच्या गाडीत मात्र कुठला फॅन फिरला ते बघा. जुन्या मॉडेलमध्ये एक रेडिएटरचा आणि एक एसीचा वेगळा असतो.

फ्यूजकडे नुसतं डोळ्याने बघून समाधान मानू नका. टेस्ट लॅम्पची चिमटी निगेटिव्हला लावून फ्यूजच्या दोन्ही टोकांना टोचा, दोन्हीकडे दिवा लागला पाहिजे. फॅनचा फ्यूज साधारण ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाकायचा. "मोठा टाकला की उडत नाही" असं सांगणारे लोक गाडी पेटवायचं काम करतात. फ्यूज मोठा झाला तरी वायर तेवढीच असते ना? मग फ्यूजऐवजी वायर तापते.

पुढे रिले. इथे नवीन पोरं हमखास फसतात. रिले "टक" वाजला की चांगला, असं समजतात. टक वाजतो म्हणजे आतली कॉइल चांगली. ज्या पॉइंटवरून मोटरचा करंट जातो तो पॉइंट जळून काळा झालेला असू शकतो. सोपा मार्ग म्हणजे त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो, बदलून बघायचा. तोही नको असेल तर रिले काढून सॉकेटमध्ये तपासा. नेहमीच्या रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे नंबर असतात. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ मोटरकडे जाते, ८५ आणि ८६ कॉइलचे. फ्यूज लावलेल्या जाड वायरने ३० आणि ८७ जोडा. फॅन फिरला, तर रिलेपासून मोटरपर्यंतची बाजू शाबूत आहे. दोष एकतर रिलेत आहे, नाहीतर ८५-८६ ला हुकूम येत नाही. फॅन फिरला नाही, तर पुढे मोटरकडे चला. पिन ओळखायला रिलेच्या अंगावरची छोटी आकृती बघा. अंदाजाने वायर घालू नका, चुकीच्या भोकात बॅटरीची वीज गेली तर ईसीएम जळतो आणि त्याची किंमत फॅनच्या कितीतरी पट असते.

मोटर तपासायला तिचा कपलर काढून बॅटरीवरून डायरेक्ट द्या, परत फ्यूज लावलेल्या वायरनेच. जोरात फिरली तर मोटर चांगली. फिरली नाही, पण पाठीवर पान्याच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर फिरली, तर कार्बन झिजलेत. ठोकून सुरू झालेली मोटर गिऱ्हाईकाला "झालं काम" म्हणून देऊ नका. ती घाटातच बंद पडणार.

सगळ्यात जास्त फसवणारा दोष

हा भाग नीट वाचा. आमच्याकडे घाटावरच्या एका गावातला गाडीवाला आला होता. सात सीटर, श्रावणात भाविकांची वाहतूक करतो. त्याच्यासाठी ते चार-पाच सोमवार म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा. गाडी घाटात गरम व्हायची. एका गॅरेजमध्ये दाखवली होती, तिथे बॉनेट उघडून बघितलं, फॅन फिरतोय. म्हणजे फॅन चांगला, रेडिएटर चोक झालाय, नवीन टाका. मोठा आकडा सांगितलेला. तो म्हणाला, "शेठ, तेवढे पैसे सीझन झाल्यावर देतो, पण आत्ता गाडी चालू करून द्या."

फॅन फिरत होता, हे खरं. पण दमल्यासारखा. मिस्त्रींनी कपलर काढून मल्टीमीटर लावला, १२.५ व्होल्ट. सगळं ठीक वाटेल असा आकडा. मग कपलर परत जोडून, फॅन फिरत असताना, मोटरच्या दोन वायरींवर मोजलं, तर ७.२ व्होल्ट. बॅटरीवर त्याच वेळी १२.२ होते. पाच व्होल्ट गेले कुठे? मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मोटरच्या निगेटिव्ह वायरला लावलं. तिथे शून्याच्या जवळ आकडा यायला पाहिजे होता, आला ४.६. उरलेले ०.४ पॉझिटिव्ह बाजूला. म्हणजे दोष अर्थिंगमध्ये. पुढच्या पट्टीवर जिथे अर्थची वायर बोल्टने बसते, तिथे गंज आणि पांढरी भुकटी साचली होती. बोल्ट काढला, पत्रा घासून चकाकवला, नवीन थिंबल दाबलं, बोल्ट कसून वर ग्रीस लावलं. परत मोजलं, अर्थवर ०.१ आणि मोटरला ११.५ व्होल्ट. फॅनचा आवाजच बदलला. सामान जवळपास काहीच लागलं नाही.

मल्टीमीटर जवळजवळ करंट खातच नाही. त्यामुळे वायरीची एक काडी शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. फॅनच्या मोटरला मात्र १० ते २० अँपिअर लागतात, आणि ते त्या एका काडीतून जात नाहीत. अरुंद पुलावरून सायकल जाते, उसाचा ट्रक जात नाही, तसं. म्हणून लोड चालू असताना मोजायचं. मोटर बंदच असेल आणि लोड मिळत नसेल तर हेडलाइटचा जुना ५५-६० वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी सोल्डर करा. हा बल्ब साधारण ५ अँपिअर ओढतो. मोटरच्या कपलरमध्ये तो लावला आणि झकास पेटला तर वायरिंगमध्ये दम आहे. मिणमिणला तर नाही. दुकानातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक अवजार आहे असं माझं मत.

याच जातीचा दुसरा दोष उंदरांचा. शेतात, गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत वायरी कुरतडलेल्या असतात. वरून टेप गुंडाळलेली दिसली तर टेप सोडून बघा. नुसती पिळ मारून जोडलेली वायर दोन पावसाळे काढत नाही. सोल्डर करा, त्यावर हीट श्रिंक चढवा.

निरोप न पोचण्याचे दोष

जुन्या गाड्यांत, मारुती ८०० च्या पिढीतल्या, साधा थर्मो स्विच असतो. ठराविक तापमानाला आतून जोडतो, गार झाल्यावर सोडतो. स्विचचा कपलर काढून त्यातल्या दोन वायरी चावी चालू असताना एकमेकांना जोडल्या की फॅन फिरला पाहिजे. फिरला तर स्विच गेला. असे स्विच साधारण ९२ ते ९८ अंशांच्या दरम्यान चालू होतात.

पुढच्या गाड्यांत स्विच नसतो, तापमानाचा सेन्सर ईसीएमला आकडा पाठवतो आणि ईसीएम फॅन लावतो. हा सेन्सर गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. साध्या खोलीच्या तापमानाला दोन-अडीच किलोओहमच्या आसपास, ८० अंशांना तीनशे ओहमच्या जवळ. गाडीप्रमाणे फरक असतो, पण चाल हीच. चहाच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सेन्सरचं टोक धरून मीटरवर बघा, आकडा झटके न घेता खाली उतरला पाहिजे. स्कॅनर असेल तर अजून सोपं: सकाळी, रात्रभर उभ्या गाडीची चावी लावून कूलंटचं तापमान वाचा. बाहेर २५ अंश असताना स्कॅनर ६० सांगत असेल किंवा उणे ४० सांगत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला की ईसीएम सुरक्षेसाठी स्वतःहून फॅन लावतो. ही पण एक तपासणीच झाली.

फॅन एका वेगात चालतो, दुसऱ्यात नाही, असं असेल तर दोन स्पीडच्या गाड्यांत रेझिस्टर बघा. कमी स्पीड गेला आणि जास्त चालतो, हे जळलेल्या रेझिस्टरचं ठरलेलं लक्षण. गिऱ्हाईक सांगतं, "फॅन उशिरा लागतो आणि एकदम विमानासारखा लागतो."

नव्या काही गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ मध्ये, फॅनच्या अंगावरच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं आणि ते वेग कमी-जास्त करतं. तिथे रिलेला वायर जोडण्याचे प्रयोग करू नका. फ्यूज, अर्थ, कपलर तपासा, स्कॅनरवरून फॅन चालवून बघा, आणि त्यापुढे जमत नसेल तर गाडी योग्य जागी पाठवा. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावायचाच नाही. आणि बोलेरोसारख्या लांब इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत फॅन इंजिनच फिरवतं, मध्ये व्हिस्कस कपलिंग असतं. तिथे वरचं काहीच लागू नाही. गरम इंजिन बंद केल्यावर फॅन हाताने अगदी हलका गरगर फिरला, तर कपलिंगकडे बघा.

दुरुस्ती, आणि डायरेक्टचं जुगाड

दोष सापडल्यावर दुरुस्ती सहसा छोटी असते. कार्बन बदलता येतात, पण आर्मेचरवर खाचा पडल्या असतील तर नवीन कार्बन फार टिकत नाहीत. हे गिऱ्हाईकाला आधी सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. मोटर बदलली तर फॅनची दिशा तपासा. या मोटरच्या वायरी उलट्या लागल्या तर ती उलट फिरते. फॅन फिरताना दिसतो, आवाज येतो, आणि वारा मात्र उलट्या दिशेने जातो. रेडिएटरच्या मागे फॅन असलेल्या गाडीत पुढच्या जाळीसमोर कागद धरा, तो आत ओढला गेला पाहिजे.

"डायरेक्ट करून द्या" असं निम्मी गिऱ्हाईकं म्हणतात. म्हणजे डॅशबोर्डला एक स्विच आणि त्यावरून थेट फॅन. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला, तेवढ्यापुरतं, फ्यूज लावून, ठीक आहे. कायमचं मी करून देत नाही. घरच्या लाइटच्या स्विचमधून १५ अँपिअर जातात, स्विच वितळतो. ड्रायव्हर लावायला विसरतो, तर इंजिन जातं. बंद करायला विसरतो, तर सकाळी बॅटरी झोपलेली. आणि काही बिनसलं की नाव आपलं. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा पण असलाच प्रकार. इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल-डिझेल जास्त खातं. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी टाकण्याबद्दलही तेच म्हणेन, क्षार साचून नळ्या बंद होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात.

आता पैशांचं

वरच्या सात सीटरवाल्याचं बिल किती झालं असेल? तपासणी ३००, काम १५०. तो खूश होऊन गेला, कारण त्याच्या डोक्यात नवीन रेडिएटरचा खर्च होता. पण बरेच नवीन दुकानदार इथे तीस-चाळीस रुपये घेतात, कारण "सामान काही लागलंच नाही ना". हा धंद्याचा खरा रोग आहे. सामान विकलं तरच पैसे मिळतात असं एकदा ठरलं की हात आपोआप मोटर बदलण्याकडे जातो, दोष कुठेही असो.

तुमचा तासाचा दर काढा. समजा, गाळ्याचं भाडं ५,०००, हाताखालचा मुलगा १२,०००, लाइट-फोन-किरकोळ ३,०००, अवजारांची झीज आणि हप्ता मिळून ४,०००. झाले २४,०००. स्वतःच्या घरासाठी २५,००० धरा. एकूण ४९,०००. महिन्याचे २५ दिवस, आणि दिवसातले खऱ्या अर्थाने बिल होणारे तास चारच धरा, बाकी वेळ गप्पा, चहा, मंचरला सामानाला जाणं यात जातो. शंभर तास. म्हणजे तासाला ४९० रुपये पडले पाहिजेत. वरची तपासणी पस्तीस-चाळीस मिनिटांची आहे. ३०० रुपये मागताना तुमचा आवाज कापायचं कारण नाही.

आता दुसरी बाजू बघा. समजा ३,५०० रुपयांची मोटर विकली आणि तुम्हाला १५ टक्के सुटले, म्हणजे ५२५. दोष अर्थिंगमध्ये होता, तर नवीन मोटरही दमूनच फिरणार, गाडी परत येणार. आपल्याकडे इलेक्ट्रिक माल परत होत नाही, प्रत्येक काउंटरवर तशी पाटी असते. मग ती मोटर तुमच्या गळ्यात, नाहीतर गिऱ्हाईकाच्या. आहुप्यापासून तळेघरपर्यंतच्या गावांत सगळे एकमेकांना ओळखतात. कुणाला कुठे विनाकारण मोटर बसवली हे चार दिवसांत घोडेगावच्या बाजारात पोचतं.

तपासणीचे पैसे घ्यायचे तर ते बॉनेट उघडायच्या आधी सांगायचे. "दादा, आधी दोष शोधतो, त्याचे तीनशे. काय निघालं ते दाखवतो, मग काम करायचं की नाही ते तुम्ही ठरवा." एवढंच वाक्य. मग मीटरचा आकडा गिऱ्हाईकाला त्याच्या डोळ्याने बघू द्या. ७.२ आणि नंतर ११.५ हे बघितलेला माणूस ३०० रुपयांवर घासाघीस करत नाही. जळलेला रिले, काळा पडलेला कपलर त्याच्या हातात द्या. बिलावर दोन ओळी लिहा, काय मोजलं, काय सापडलं.

काही जण सांगतात, काम इथेच केलं तर तपासणीचे पैसे वजा करा. मला हे पटत नाही. एकदा वजा करायला लागलात की दोष शोधणं परत फुकट होतं, आणि कसंही करून काम काढायचा मोह होतो. त्यापेक्षा दोष न सापडल्यास पैसे घेऊ नका, हा नियम चांगला. तो गिऱ्हाईकालाही पटतो.

अवजारांवर सुरुवातीला फार खर्च नको. साधा पण बरा मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, हेडलाइटचा बल्ब, फ्यूज लावलेल्या दोन जाड वायरी, थिंबल दाबायचा प्लायर, सोल्डरिंग आयर्न, आणि मोबाईलला जोडणारा छोटा ओबीडी स्कॅनर. यासाठी मोठं कर्ज काढायची गरज नाही. काढायचंच असेल तर मुद्रा योजनेचा शिशु गट ५०,००० रुपयांपर्यंत आहे, त्यात हे बसून वर थोडं खेळतं भांडवल राहील. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स केलेला गावातला मुलगा सोबत असेल तर दुधात साखर.

गाडी हातात देण्याआधी

इंजिन जागेवर चालू ठेवा, एसी बंद, आणि फॅन आपोआप लागून आपोआप बंद होईपर्यंत थांबा. एकदा नाही, दोनदा. मधल्या वेळात पाइपला, झाकणाला गळती बघा. नंतर एसी लावून परत फॅन बघा. यात पंधरा-वीस मिनिटं जातात, पण तो वेळ मी दरात धरलेला असतो. शक्य असेल तर घाटाच्या पहिल्या चढापर्यंत फेरी मारून या, गिऱ्हाईकाला शेजारी बसवून.

ड्रायव्हरला जाताना एक गोष्ट सांगून ठेवा. घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद करायचा, हीटर फुल करायचा, काचा उघडायच्या आणि जागा बघून बाजूला घ्यायचं. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. काटा लाल पट्ट्यात गेला तर इंजिन लगेच बंद. "वरच्या वळणापर्यंत नेतो" म्हणणाऱ्यांची हेड गॅस्केट उडते, कधी हेडच वाकतं. मग ते काम फॅनच्या बिलात मावत नाही.

आणि दुकानदारांनी आषाढातच स्टॉक भरून ठेवा. ३० आणि ४० अँपिअरचे फ्यूज, चालू मॉडेलचे रिले, थिंबल, झाकणं, कूलंट. आमच्या काउंटरवर श्रावणात कूलंट आणि झाकणं सगळ्यात आधी संपतात. मोटरी मात्र मी स्टॉकला ठेवत नाही, दोष पक्का झाला की मंचरवरून मागवतो.